दोन प्लॉटांची एक जमीन

विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा ही अमेरिकेच्या उत्तरेकडची दोन शेजारी राज्ये. त्यांच्यामधली बरीचशी हद्द सेंट क्रॉय नावाच्या नदीने आखली आहे. पुढे ही नदी मिसिसिपीला मिळते. पण त्याआधी तिचे पात्र इतके रुंदावते की त्या भागाला सेंट क्रॉय सरोवर असेच नाव पडले आहे. मिनीॲपोलिस आणि सेंट पॉल ही जोडशहरे इथून जवळ. त्यामुळे उन्हाळ्यात नदीकाठी येऊन राहायचे, होडी पाण्यात सोडायची, ही तिथल्या मध्यमवर्गाची जुनी हौस. या काठावर, विस्कॉन्सिनच्या बाजूला, ट्रॉय नावाच्या गावाच्या हद्दीत एका कुटुंबाने १९६० साली एक प्लॉट घेतला आणि १९६३ साली त्याला लागून असलेला दुसरा.

या दोन प्लॉटांमधली रेघ कायद्याने मानायची की नाही, हे ठरवायला पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला बसावे लागले. २०१७ सालचा तो निकाल ‘मर विरुद्ध विस्कॉन्सिन राज्य’ या नावाने ओळखला जातो; मर हे त्या कुटुंबाचे आडनाव. जमीन आपली, पैसे आपण मोजलेले, कागद आपल्या नावाचे. मग तिचा एक भाग वेगळा काढून विकायला कचेरीची परवानगी का लागावी, हा प्रश्न ज्याने कधी प्लॉट घेतला किंवा भावंडांत वाटून घेतला त्या प्रत्येकाला पडलेला असतो. या खटल्यात त्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू जितक्या स्वच्छ दिसतात तितक्या क्वचितच कुठे दिसतात. म्हणून तो सविस्तर पाहू.

सव्वा एकर आणि सव्वा एकर

आधी जमीन पाहू. १९६० साली घेतलेल्या प्लॉटचे नाव ‘एफ’, १९६३ साली घेतलेल्याचे ‘ई’. दोन्ही साधारण सव्वा एकराचे, म्हणजे आपल्या हिशेबाने पन्नास-पन्नास गुंठ्यांचे. नदीला ‘एफ’ची सुमारे १०० फुटांची बाजू लागते, तर ‘ई’ची सुमारे ६० फुटांची. दोन्ही प्लॉटांच्या मधोमध एक उभा कडा आडवा जातो. कड्याच्या वर थोडी सपाट जमीन, खाली पाण्यालगत थोडी सपाट जमीन, आणि मध्ये नुसता उतार. या उतारामुळे आणि पाण्याच्या रेषेमुळे कागदावरची सव्वा एकर जमीन बांधकामाच्या कामाची राहत नाही. एकेका प्लॉटवर बांधता येण्याजोगी जागा एका एकरापेक्षा कमी भरते. इतकेच काय, दोन्ही प्लॉट मिळूनही ती भरते फक्त ०.९८ एकर. म्हणजे शंभर गुंठ्यांतले कामाचे गुंठे जेमतेम एकोणचाळीस. पुढच्या सगळ्या वादाचे मूळ या एकोणचाळीस गुंठ्यांत आहे.

‘एफ’ प्लॉटवर कुटुंबाने नदीजवळ एक केबिन बांधली, सुट्टीत येऊन राहण्यासाठी. ‘ई’ प्लॉट मोकळाच ठेवला. गुंतवणूक म्हणून तो घेतला आहे, पुढे विकता येईल, असा विचार त्यामागे होता.

कागदोपत्री मात्र दोन्ही प्लॉट एका नावावर नव्हते. कुटुंबाचा नळजोडणीच्या कामाचा व्यवसाय होता आणि ‘एफ’ त्या कंपनीच्या नावावर केलेला होता. ‘ई’ आईवडिलांच्या स्वतःच्या नावावर होता. त्या काळी या फरकाला कुणी महत्त्व दिले नसेल. तीस वर्षांनी सगळे प्रकरण त्याच फरकावर येऊन अडले.

नदीसाठी केलेला नियम

१९६८ साली अमेरिकेच्या संसदेने निवडक नद्या मूळ रूपात राखण्यासाठी एक कायदा केला. पहिल्या यादीतल्या आठ नद्यांमध्ये सेंट क्रॉयचा वरचा प्रवाह होता. खालचा प्रवाह १९७२ साली वेगळा कायदा करून त्यात आणला गेला. या संरक्षणाबरोबर एक जबाबदारी आली: काठावर किती आणि कशी घरे बांधू द्यायची याचे नियम राज्यांनी करायचे.

कारण उघड आहे. नदीकाठी शहराजवळ मोकळी जागा असली की तिचे तुकडे पडायला वेळ लागत नाही. प्रत्येक तुकड्यावर घर, घराला सांडपाण्याची टाकी, उतारावर तोडलेली झाडे, पावसाबरोबर पाण्यात उतरणारी माती. एका घराने नदीचे काही बिघडत नाही. ओळीने शंभर घरे झाली की नदी ओळखू येत नाही. एकेकट्या मालकाला हे नुकसान दिसत नाही, कारण त्याच्या वाट्याचे फार थोडे असते. म्हणून असा नियम स्थानिक सरकारलाच करावा लागतो.

विस्कॉन्सिनने केलेला नियम १९७६ पासून लागू झाला आणि सेंट क्रॉय काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा पातळीवरच्या स्थानिक सरकारने, तो आपल्या नियमावलीत घेतला. त्याचे तीन भाग होते. पहिला: बांधता येण्याजोगी जागा किमान एक एकर असेल, तरच प्लॉट स्वतंत्रपणे विकता किंवा विकसित करता येईल. दुसरा: नियम येण्याआधीपासून जे छोटे प्लॉट शेजारच्या जमिनीपासून वेगळ्या मालकीचे आहेत, त्यांना सूट, त्यांच्यावर घर बांधता येईल. तिसरा: लागून असलेले छोटे प्लॉट एकाच मालकाच्या हाती असतील, तर ते वेगवेगळे विकता येणार नाहीत, कायद्याच्या दृष्टीने ती एकच जमीन.

तिसऱ्या भागाला तिथे प्लॉटांचे विलीनीकरण म्हणतात, आणि अमेरिकेतल्या असंख्य गावांच्या नियमावल्यांत तो सापडतो. त्यामागचा हिशेब असा. ज्याच्याकडे एकच छोटा प्लॉट आहे, त्याला घर बांधायला मनाई केली तर त्याची जमीन मातीमोल होईल. म्हणून त्याला सूट. ज्याच्याकडे लागून दोन आहेत, त्याला एक मोठा प्लॉट मिळतो आणि त्यावर घर बांधता येते. त्याला सुटीची गरज नाही. अशा रीतीने कुणाला उघड्यावर न टाकता छोटे प्लॉट हळूहळू कमी होत जातात.

बक्षीसपत्राने काय बदलले

१९९४ साली आईवडिलांनी ‘एफ’ प्लॉट मुलांच्या नावावर केला आणि १९९५ साली ‘ई’. चार भावंडे आता दोन्ही प्लॉटांची मालक झाली. आपल्याकडे बक्षीसपत्र होते तसाच हा घरगुती, आनंदाचा व्यवहार. पण ज्या क्षणी दोन्ही प्लॉट एका मालकीत आले, त्या क्षणी तिसरा नियम लागू झाला आणि दोन्ही प्लॉट एक झाले. जमिनीवर काहीही हलले नव्हते. मधली रेघ नकाशावर जिथल्या तिथे होती. तिला मिळालेली कायद्याची सूट मात्र गेली होती.

भावंडांना याचा फटका सुमारे दहा वर्षांनी बसला. ‘एफ’वरची जुनी केबिन त्याच प्लॉटवर दुसऱ्या जागी हलवायची आणि त्याचा खर्च ‘ई’ विकून भागवायचा, असे त्यांनी ठरवले. अगदी साधा, चारचौघांसारखा बेत. त्यासाठी त्यांनी काउंटीकडे नियमातून सवलत मागितली. काउंटीच्या मंडळाने २००६ साली ती नाकारली. ‘ई’ वेगळा विकता येणार नाही. विकायचे तर दोन्ही एकत्र विका. राज्याच्या न्यायालयांनीही मंडळाचा निर्णय कायम ठेवला. न्यायालयाने एक गोष्ट स्पष्ट केली: भावंडांना घर बांधायला बंदी नाही. ते ‘ई’वर बांधू शकतात, ‘एफ’वर बांधू शकतात किंवा दोन्हींवर पसरलेले मोठे घरही बांधू शकतात. फक्त एकच.

इथे पहिली लढाई संपली. परवानगी मिळणार नाही हे नक्की झाले. मग भावंडांनी दुसरा प्रश्न विचारला: परवानगी देत नसाल, तर भरपाई द्या.

भरपाईचा प्रश्न

अमेरिकेच्या राज्यघटनेतली पाचवी दुरुस्ती सांगते की सार्वजनिक कामासाठी सरकारने कुणाची मालमत्ता घेतली, तर त्याला योग्य मोबदला द्यावा लागेल. रस्त्यासाठी जमीन घेतली तर मोबदला द्यायचा, हे सरळ आहे. पण सरकार जमीन घेत नाही, ताबा मालकाकडेच राहतो, फक्त तिचे काय करायचे यावर नियम लादते, तेव्हा काय?

१९२२ साली पेनसिल्व्हेनियातल्या कोळसा खाणीच्या खटल्यात न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी असे मत दिले की नियम मर्यादेपलीकडे गेला तर तोही मालमत्ता घेण्यासारखाच समजावा लागेल. ती मर्यादा कुठे, हे त्यांनी आखून दिले नाही. पुढची शंभर वर्षे न्यायालये तीच शोधत आली आहेत.

१९७८ साली न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल रेल्वे स्थानकाचा खटला आला. स्थानकाच्या डोक्यावर पन्नासहून अधिक मजल्यांचा मनोरा बांधायची मालक कंपनीची इच्छा होती. शहराने ऐतिहासिक वास्तू म्हणून नकार दिला. स्थानकावरचे आकाश ही आमची वेगळी मालमत्ता आहे आणि ती पूर्णच हिरावली गेली, असे कंपनीचे म्हणणे. न्यायालयाने ते मानले नाही. जमीन, इमारत आणि वरची हवा असे कप्पे पाडू नका, संपूर्ण मालमत्ता एक धरा, मग नुकसान किती झाले ते मोजा, असे न्यायालयाने सांगितले.

१९९२ साली तराजू दुसरीकडे झुकला. साउथ कॅरोलायनात एका माणसाने १९८६ साली समुद्रकिनाऱ्यावरचे दोन प्लॉट ९,७५,००० डॉलरला घेतले होते. १९८८ साली किनारा वाचवण्याचा कायदा आला आणि त्या प्लॉटांवर कायमचे घर बांधायला बंदी झाली. नियमाने जमिनीचा आर्थिक उपयोग पूर्णच संपत असेल तर, काही अपवाद सोडता, भरपाई द्यावीच लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले.

या दोन निकालांच्या मध्ये भावंडांचा प्लॉट उभा होता.

नव्वद टक्के की दहा टक्के

नुकसान किती, हे सांगायचे तर ते कशाच्या तुलनेत, हे आधी ठरवावे लागते. अर्धी भाकरी काढून घेतली, तर जेवणातून किती गेले? ताटात एकच भाकरी होती असे धरले तर अर्धे जेवण गेले; दोन होत्या असे धरले तर पाव. गणिताच्या भाषेत हा छेदाचा प्रश्न आहे, आणि अमेरिकेतले कायदेपंडितही त्याला त्याच नावाने ओळखतात.

या खटल्यात तो प्रश्न आकड्यांत उतरला. ‘ई’ प्लॉट स्वतंत्र विकता आला असता आणि त्यावर घर बांधता आले असते, तर त्याची किंमत ३,९८,००० डॉलर धरली गेली. बांधकाम अजिबात करता येत नाही असा सुटा प्लॉट म्हणून त्याची किंमत उरते फक्त ४०,००० डॉलर. नुसत्या ‘ई’कडे पाहिले तर जवळजवळ नव्वद टक्के मूल्य गेले. भावंडांचे म्हणणे हेच होते: ‘ई’ आम्ही वेगळा घेतला, वेगळ्या हेतूने घेतला, त्याचा कर वेगळा, तो वेगळाच मोजा.

राज्याने दुसरा हिशेब मांडला. दोन्ही प्लॉट वेगवेगळे विकता आले असते तर एकूण किंमत ७,७१,००० डॉलर. दोन्ही मिळून एकच प्लॉट, त्यावर एकच घर, अशी किंमत ६,९८,३०० डॉलर. फरक ७२,७०० डॉलरचा, म्हणजे दहा टक्क्यांपेक्षाही कमी. आणि नियमामुळे मालकाचे दहा टक्के कमी झाले म्हणून भरपाई द्यायची ठरवली, तर कोणत्याही गावाला कोणताही बांधकाम नियम करता येणार नाही.

जमीन तीच, नियम तोच, माणसेही तीच. कोणती रेघ धरायची एवढ्यावर नुकसान नव्वद टक्के ठरत होते किंवा दहा.

निकाल आणि त्यानंतर

भावंडांनी २०१२ साली राज्य आणि काउंटी या दोघांवर भरपाईचा दावा लावला. राज्यातल्या न्यायालयांत ते हरले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये प्रकरण दाखल करून घेतले. पुढच्याच महिन्यात न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया वारले आणि त्यांची जागा वर्षभर रिकामी राहिली. अखेर मार्च २०१७ मध्ये आठ न्यायमूर्तींपुढे सुनावणी झाली आणि २३ जून २०१७ रोजी निकाल लागला: पाच विरुद्ध तीन, भावंडांच्या विरोधात.

बहुमताचा निकाल न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी लिहिला. छेद कोणता धरायचा यासाठी त्यांनी तीन कसोट्या दिल्या. राज्याचा आणि स्थानिक कायदा त्या जमिनीकडे कसा पाहतो? जमिनीची भौगोलिक ठेवण कशी आहे? आणि नियमामुळे अडलेल्या भागाचा बाकीच्या जमिनीला काही लाभ होतो का? तिन्ही कसोट्यांवर दोन्ही प्लॉट एकच ठरले. विलीनीकरणाचा नियम भावंडांनी जमीन स्वीकारण्याच्या कितीतरी आधीपासून होता. कडा, उतार आणि नदी यांमुळे इथे बांधकामावर मर्यादा येणार हे कुणालाही दिसत होते. आणि ‘ई’ मोकळा असल्याने ‘एफ’ला एकांत, मोकळी जागा आणि घरासाठी मनाजोगे ठिकाण निवडण्याची मुभा मिळत होती.

सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी विरोधी मत लिहिले. क्लॅरेन्स थॉमस आणि सॅम्युअल अलिटो त्यांच्याबरोबर होते. गंमत म्हणून नव्हे, तर विचार करायला लावणारी गोष्ट म्हणून हे लक्षात ठेवावे की भावंडांना भरपाई मिळाली नाही याबद्दल रॉबर्ट्स यांची तक्रार नव्हती. त्यांचा आक्षेप पद्धतीवर होता. मालमत्तेच्या हद्दी राज्याचा कायदा ठरवतो. त्या धरून चाला. सरकारला कोणता नियम करायचा आहे हे पाहून हद्द हलवू लागलात, तर ज्या सरकारपासून संरक्षण हवे त्याच्याच हाती मोजपट्टी दिल्यासारखे होईल.

न्यायालयात हरलेली बाजू विधिमंडळात जिंकली. निकालानंतर पाच महिन्यांनी, २७ नोव्हेंबर २०१७ रोजी, विस्कॉन्सिनचे राज्यपाल स्कॉट वॉकर यांनी नव्या कायद्यावर सही केली. मंजुरीच्या वेळी नियमाप्रमाणे असलेले, पण नंतरच्या नियमांनी छोटे ठरलेले प्लॉट विकण्याची मुभा त्याने मालकांना दिली आणि मालकाच्या संमतीशिवाय प्लॉट विलीन करायला स्थानिक सरकारांना मनाई केली.

माझ्या मते न्यायालयाचा निकाल बरोबर होता आणि नियम मात्र सदोष होता. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. ज्याला घर बांधता येते, ज्याची नव्वद टक्के किंमत शाबूत आहे, त्याला सगळ्यांच्या करातून भरपाई द्यावी असे काही घडलेले नव्हते. पण नियमाचा हेतू नदी वाचवणे हा होता. ‘ई’ प्लॉट आईवडिलांनी मुलांऐवजी एखाद्या परक्याला विकला असता, तर त्या परक्याला तिथे घर बांधता आले असते आणि नदीकाठी दोन घरे उभी राहिली असती. मुलांना दिला म्हणून एकच. कागदावर नाव कुणाचे, याने नदीच्या पाण्याला काही फरक पडत नाही. जो नियम आपल्या हेतूपेक्षा मालकाच्या नावावर अवलंबून राहतो, त्यात अडकतात ती कागदाची गुंतागुंत न कळणारी साधी माणसे. चांगला सल्लागार असलेला मालक दोन प्लॉट दोन नावांवर ठेवून सुटून जातो.

आपल्याकडचे तुकडे

महाराष्ट्रात जमिनीचे तुकडे पाडण्यावरचा सर्वांत परिचित निर्बंध म्हणजे तुकडेबंदी. १९४७ सालचा मुंबईचा तुकडेबंदी व तुकडेजोड कायदा शेतीसाठी आला. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन शेताच्या पट्ट्या इतक्या अरुंद होत होत्या की त्यात औत फिरवणे कठीण. म्हणून प्रमाणभूत क्षेत्र ठरवून दिले आणि त्याहून लहान तुकडा पडेल अशी विक्री किंवा वाटणी करायला मनाई केली. आधीपासून असलेला, नोंद झालेला तुकडा विकायचा तर तो लगतच्या गटाच्या मालकालाच विकायचा, असेही बंधन घातले. विस्कॉन्सिनच्या विलीनीकरणाशी त्याचे नाते जवळचे आहे: शेजारच्या छोट्या जमिनी कालांतराने एका हाती याव्यात, हीच दोन्हीकडची इच्छा.

पण शहरे पसरली. गावाबाहेरच्या शेतात ज्यांना घर हवे होते त्यांना दहा-वीस गुंठे परवडत नव्हते. एक-दोन गुंठेच परवडत होते. शेतकऱ्याला पैसे हवे होते, घेणाऱ्याला छप्पर हवे होते, आणि मंजूर ले-आउट करायला ना वेळ होता ना पैसा. साध्या कागदावर, सामाईक सातबारावर नावे चढवून व्यवहार झाले. वस्त्या उभ्या राहिल्या. रस्ता बारा फुटी, गटार नाही, मैदान नाही. सरकारने २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला, १ जानेवारी २००१ पर्यंतच्या प्लॉटांसाठी; २०२१ साली ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेली. तुकडेबंदी मोडून झालेले जुने व्यवहार बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम भरून नियमित करण्याची सोय २०१७ साली झाली. लोकांना ती झेपेना, म्हणून २०२४ साली ती ५ टक्क्यांवर आली. २०२५ साली निवासी क्षेत्रातल्या जुन्या तुकड्यांना आणखी मोकळीक देण्याचा निर्णय झाला.

मधल्या काळात दस्तनोंदणीचाच वाद झाला. १२ जुलै २०२१ च्या परिपत्रकाने दुय्यम निबंधकांना सांगितले की मोठ्या गटातले एक-दोन गुंठे विकायचे असतील, तर मंजूर ले-आउटशिवाय दस्त नोंदवू नका. औरंगाबाद खंडपीठाने ५ मे २०२२ रोजी ते परिपत्रक रद्द केले. त्या दहा महिन्यांत किती घरांचे सौदे, किती लग्नाचे खर्च, किती दवाखान्याची बिले अडली असतील, याची कल्पना नोंदणी कार्यालयाबाहेर बसणाऱ्या कोणत्याही दस्तलेखकाला असेल.

ले-आउट मंजूर करताना मालकाकडून किती मागायचे, हाही प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला आहे. दिल्लीतल्या एका मालकाने प्लॉट पाडायला परवानगी मागितली, तेव्हा उद्यान आणि शाळेसाठी सोडलेली जागा आपल्या नावावर फुकट करून द्यावी, अशी अट महानगरपालिकेने घातली. १९९५ च्या निकालसंग्रहात छापलेल्या त्या निर्णयात न्यायालयाने समतोल साधला. ले-आउटमध्ये मोकळी सोडलेली जागा लोकांसाठीच आहे; मालकाला ती विकता येणार नाही, त्याच्याकडे ती जणू विश्वस्ताकडे असावी तशी राहील. महापालिका तिची देखभाल करू शकते. पण कायद्यात तरतूद नसताना मालकीच फुकट मागण्याचा अधिकार तिला नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. तरी कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही, हे अनुच्छेद ३००अ आजही सांगतो.

नदीकाठच्या भावंडांचे प्रकरण आणि आपल्या गुंठेवारीचे प्रकरण शेजारी ठेवले, तर दोन गोष्टी ठळक दिसतात. प्लॉटच्या किमान आकाराचा नियम सगळ्यांच्या भल्यासाठी लागतो. तो नसला की काय होते हे आपल्या शहरांच्या कडेला पाऊस पडला की दिसते. आणि जो नियम माणसाची घराची गरज ध्यानात घेत नाही, तो पाळला जात नाही. मग दर काही वर्षांनी दंड, माफी आणि मुदतवाढ करत बसावे लागते. परवडणारे छोटे प्लॉट रस्ता-गटारासह कायदेशीरपणे मिळतील अशी सोय झाली, तरच तुकडेबंदीचे नियम टिकतील. हे काम विधिमंडळाचे आणि नगररचना खात्याचे आहे. एकेका मालकाला न्यायालयात धाडून ते होणार नाही.

तोवर वाचकाने स्वतःपुरते एवढे करावे. जमिनीचे प्लॉट पाडणे, म्हणजे तिचा उपविभाग करणे, हा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे ‘विकास’ आहे आणि त्याला नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या, कारण निर्णयाची मुदत साठ दिवसांची आहे आणि ती पोच पावतीवरून मोजली जाते. नकार आला तर कारणांसह लेखी मागा. त्याविरुद्ध चाळीस दिवसांत शासनाकडे अपील करता येते. आणि वाटणीपत्र किंवा बक्षीसपत्र नोंदवण्याआधी, नोंदवल्यानंतर नव्हे, नगररचना कार्यालयात जाऊन विचारा की या व्यवहाराने प्लॉटचा दर्जा बदलतो का. सेंट क्रॉयच्या काठी हा प्रश्न १९९४ साली कुणी विचारला असता, तर तेवीस वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाला तो सोडवावा लागला नसता.